रानातला मडिवाळ

चैत्र लागला की आमच्या गुंजीच्या घरासमोरच्या विजेच्या खांबावर पहाटे साडेपाचच्या सुमाराला एक दयाळ येऊन बसतो. माऊलीच्या देवळातली घंटा अजून वाजलेली नसते, रेल्वे फाटकाकडे जाणारा रस्ता मोकळा असतो, आणि हा मात्र सुरू झालेला असतो. आधी एक लांब शीळ. मग थोडे थांबणे. मग तीच शीळ, पण शेवटी एक नवी मुरकी घेतलेली. गाता गाता शेपटी वर उचलायची, पंख जरा सैल सोडायचे, आणि समोरच्या फणसावरचा दुसरा दयाळ काय उत्तर देतो याची वाट पाहायची. मी अंथरुणात पडल्या पडल्या ऐकत असतो. माझे वडील ऐकत होते, आजोबाही ऐकत असतील. कौले बदलली, खांब लाकडाचा होता तो सिमेंटचा झाला. गाणारा तोच आहे असे वाटते.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा मात्र तो गप्प असेल. दयाळाचे गाणे हे विणीच्या हंगामाचे गाणे, उन्हाळ्यापासून पावसाच्या सुरुवातीपर्यंतचे. दिवाळीच्या दिवसांत तो परसात पालापाचोळा उलटून किडे वेचताना दिसतो, मांजर आले तर खरखरीत आवाजात करवादतो, आणि गेला तर गेला. तेव्हा दिवाळी अंकात त्याच्यावर लिहायचे म्हणजे गवई परगावी गेल्यावर मैफलीचे वर्णन करण्यासारखे आहे. पण मला आज नुसते त्याच्यावर लिहायचे नाही. त्याचा एक भाऊबंद आहे, त्याच्यावर लिहायचे आहे. आणि सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी एका मुलाला दिलेल्या चार गुणांवर.

१९९७ साली मी नोकरीत तसा नवाच होतो. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातून मराठी घेऊन एम.ए. झालेला, डोक्यात व्याकरण आणि खिशात लाल शाईचे पेन. आठवीच्या वर्गाला मी ‘माझा आवडता पक्षी’ हा निबंध घातला. पन्नासएक वह्या आल्या. त्यांत तीस मोर, पंधरा पोपट आणि बाकीचे कावळे-चिमण्या. एक वही वेगळी होती. ती जंगलाच्या कडेच्या एका वाडीतून रोज दीड तास चालत येणाऱ्या मुलाची होती. त्या मुलाचे नाव इथे लिहीत नाही.

त्याने लिहिले होते की मडिवाळ दोन असतात, एक गावातला आणि एक रानातला. गावातला मडिवाळ काळा-पांढरा असतो आणि उंच बसून गातो. रानातल्या मडिवाळाचे पोट विटेच्या रंगाचे असते, शेपूट वीतभर लांब असते, पांढरा रंग त्याच्या कमरेवर असतो आणि तो खाली मेसाच्या बेटात बसून गातो. गावातला एकटा गातो, रानातला सगळ्यांचे गाणे म्हणतो. मला रानातला आवडतो.

एवढेच. सात-आठ ओळी. मी ‘मडिवाळ’ला गोल केला आणि समासात लिहिले, ‘हा शब्द मराठी नाही. दयाळ असे लिही.’ ‘विटेच्या रंगाचे पोट’ खोडले आणि लिहिले, ‘दयाळाचे पोट पांढरे असते.’ ‘वीतभर’ खाली रेघ मारून लिहिले, ‘अतिशयोक्ती.’ दहापैकी चार गुण दिले. इथवर थांबलो असतो तरी एक वेळ चालले असते. पण मी ती वही वर्गात वाचून दाखवली. सगळ्यांचे गाणे म्हणणारा विटेच्या पोटाचा पक्षी ऐकून वर्ग खदखदून हसला. मुलगा उभा होता. त्याने काही म्हटले नाही. मी बस म्हटल्यावर बसला.

सहामाहीला तोच निबंध पुन्हा पडला. त्याने गाईडमधला मोर उतरवून काढला. राष्ट्रीय पक्षी, सरस्वतीचे वाहन, पावसाळ्यात नाचणारा, सगळे जागच्या जागी. मी आठ गुण दिले आणि खाली ‘प्रगती चांगली’ असा शेरा लिहिला.

दयाळ मी जन्मापासून पाहत आलो होतो. शामा मला भेटला तो चाळिशीच्या उंबरठ्यावर, आणि तोही निवडणुकीच्या कृपेने. एप्रिल २००९ मध्ये लोकसभेची निवडणूक होती. आम्हा शिक्षकांना निवडणूक काही चुकत नाही. खानापूर तालुक्यातल्या आतल्या रानातले एक मतदान केंद्र माझ्या वाट्याला आले. आदल्या दिवशी दुपारी यंत्रांच्या पेट्या घेऊन आम्ही पाचजण तिथल्या शाळेत उतरलो. माझ्याबरोबर सौंदत्तीकडचे एक कन्नड शिक्षक होते. रात्री बाकावर बाक जोडून झोपलो. पहाटे उठून यंत्र तपासायचे होते, म्हणून साडेचारलाच जाग आली.

शाळेमागच्या बांबूच्या बेटात कोणीतरी गात होते.

माझा पहिला विचार दयाळाचाच. पण दोन-तीन फेऱ्या ऐकल्या आणि मी बाहेर आलो. आवाज दयाळाच्याच घराण्यातला होता, पण अधिक भरलेला, अधिक खालच्या पट्टीतला. दयाळ एक ओळ म्हणून थांबतो. हा थांबायला तयार नव्हता. एक लांब, भिजलेली शीळ, मग घाईघाईने काही तुकडे, मग एकदम दुसऱ्याच पक्ष्याची हाक, ती पुरी होते न होते तो पुन्हा आपले मूळचे गाणे. आवाज वरून येत नव्हता. अगदी जवळून, खालून, अंधारातून येत होता. सौंदत्तीचे सरही उठून माझ्यामागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी कन्नडमध्ये विचारले, हा काय मडिवाळ?

तेवढ्यात आमच्या चहासाठी चूल पेटवणारी बाई हसून म्हणाली, ‘नव्हं सर, ह्यो रानातला मडिवाळ.’

फटफटले तेव्हा तो दिसला. बेटातून खाली उतरून वाळल्या पानांवर क्षणभर बसला. डोके, पाठ, छाती काळीभोर, निळसर झाक मारणारी. पोट भाजक्या विटेच्या रंगाचे. शेपूट लांबलचक, काळी, कडेला पांढरी. उडाला तेव्हा शेपटीच्या वर, कमरेवर, पांढरा पट्टा लख्खकन दिसला. मी खोडलेली एकेक ओळ माझ्या डोळ्यांदेखत उडून बांबूत शिरली. सात वाजता मतदान सुरू झाले. दिवसभर मी मतदारांची बोटे शाईने माखताना पाहत होतो आणि मला दुसरीच शाई आठवत होती.

त्यानंतर मी या दोघांविषयी मिळेल ते वाचत गेलो. दयाळ आणि शामा एकाच प्रजातीचे, शास्त्रात त्या प्रजातीला कॉप्सिकस म्हणतात. दोघांचे अंग साधारण बुलबुलाएवढे. शामा मोठा वाटतो तो शेपटीमुळे. दोघांतही नर काळे, माद्या त्या मानाने करड्या. दोघेही किडे खातात, दोघेही झाडाच्या ढोलीत किंवा तसल्याच आडोशाच्या भोकात घरटे करतात. पण दयाळाने माणसाचे परसू धरले आणि शामाने रान. दयाळाला ढोली नाही मिळाली तर भिंतीतले भोक चालते. आमच्या न्हाणीघराच्या भिंतीत दोन वर्षे त्याने पिले काढली, आणि त्या दोन्ही वर्षी आम्ही पाणी तापवताना आवाज न करण्याची शिकस्त केली. शामाला मात्र सावली हवी, दाट झुडूप हवे, मेसाचे बेट आणि जवळ ओढा असला तर फारच चांगले. दयाळ सर्वांनी पाहावे म्हणून उंचावर बसतो. शामा कोणी पाहू नये म्हणून खाली बसतो आणि सर्वांनी ऐकावे असे गातो. पहाटे तो लवकर सुरू करतो, आणि संध्याकाळी बाकीचे पक्षी झोपेला लागले तरी त्याचे चालूच असते.

भाऊबंद म्हटले की आपल्याकडे बांधावरचे भांडण आलेच. यांच्यात तेही फारसे दिसत नाही. आमच्या गावाच्या पश्चिमेला काजूच्या बागा संपतात आणि रान सुरू होते, तिथे एक ओढा आहे. एप्रिलमध्ये पहाटे त्या ओढ्यात उभे राहिले तर पाठीमागून दयाळ ऐकू येतो आणि समोरून शामा. यांची हद्द कुठे म्हणून मी दोन-तीनदा ती शोधायचा प्रयत्न केला. रेघ कुठेच सापडली नाही. सावली हळूहळू दाट होत जाते आणि एक आवाज मागे पडून दुसरा पुढे येतो, एवढेच.

शामा दुसऱ्यांच्या हाका उचलतो, हे त्याचे प्रसिद्धच आहे. दयाळही अधूनमधून उचलतो. म्हणजे ‘सगळ्यांचे गाणे म्हणतो’ हे वाक्यसुद्धा बरोबर होते. तेरा वर्षांच्या मुलाने सात-आठ ओळींत दोन जातींचा रंग, शेपूट, बसण्याची जागा आणि गाण्याची रीत इतके सगळे नेमके सांगितले होते. पक्षिशास्त्राच्या पुस्तकात याहून फार वेगळे काही नसते.

राहिला तो शब्द. मडिवाळ म्हणजे कन्नडमध्ये कपडे धुणारा. मडी म्हणजे धुतलेले, सोवळ्याचे वस्त्र. काळ्या अंगावर परीटघडीचे पांढरे वस्त्र घातलेला म्हणून दयाळाला कन्नडमध्ये मडिवाळ हक्की म्हणतात, हे मला त्या दिवशी सौंदत्तीच्या सरांनीच सांगितले. आमच्या खालच्या अंगाला, गोव्यात, धोब्याला कोकणीत मडवळ म्हणतातच. म्हणजे तो शब्द घाटाच्या दोन्ही बाजूंना कधीचाच नांदत होता. आपण ज्याला शुद्ध मराठी म्हणतो त्या घरात तरी काय आहे? अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता, हुडकणे ही सारी मंडळी कन्नडच्या अंगणातून आलेली किंवा तिथली सोयरी. त्यांना मी कधी गोल केला नव्हता.

दयाळ हा आपला शब्दही काही एकट्या महाराष्ट्राचा नाही. बंगालीत याच पक्ष्याला दोएल म्हणतात. तो बांगलादेशचा राष्ट्रीय पक्षी आहे आणि तिथल्या दोन टाक्यांच्या जुन्या नोटेवर त्याचे चित्र छापलेले होते. शास्त्रीय नावाची कथा तर ऐकण्यासारखी आहे. दयाळाला लिनियसने ‘सॉलॅरिस’ असे नाव दिले. याचा सूर्याशी काय संबंध, म्हणून पंडित बरेच दिवस बुचकळ्यात होते. १८६७ मध्ये एडवर्ड ब्लिथने उलगडा केला की हा मुळात ‘सौ’ म्हणजे शंभर गाणी म्हणणारा असा अर्थाचा इथलाच देशी शब्द. अठराव्या शतकाच्या आरंभी मद्रासहून एका इंग्रज वैद्याने हा पक्षी विलायतेला पाठवला, तेव्हा इथल्या लोकांच्या तोंडचे नावही सोबत कळवले होते. कोणीतरी ते खोडले नाही, म्हणून ते लॅटिनमध्ये जाऊन बसले.

शामाच्या बाबतीत दुसरी एक गोष्ट आहे. १८८९ साली जर्मनीत लुडविग कॉख नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला वडिलांनी एडिसनचे ध्वनिमुद्रण यंत्र आणून दिले. घरात पिंजऱ्यात एक शामा होता. मुलाने त्याचे गाणे मेणाच्या नळीवर उतरवून घेतले. पक्ष्याच्या आवाजाचे जगातले हे पहिले मुद्रण मानतात, आणि ते आजही जपून ठेवलेले आहे. ज्या पिंजऱ्याने ते गाणे टिकवले त्याच पिंजऱ्यापायी आग्नेय आशियात कित्येक ठिकाणी शामा दुर्मीळ झाला आहे. गळा गोड असणे कधी कधी अंगाशी येते. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय करारान्वये त्याच्या व्यापारावर निर्बंध आले. आपल्याकडे तो वन्यजीव कायद्याने आधीच संरक्षित आहे. पण मला त्या गोष्टीत पिंजऱ्यापेक्षा तो आठ वर्षांचा मुलगा अधिक दिसतो. त्याच्या घरी त्याचे कोणीतरी ऐकून घेतले.

माझी बाजू मांडायची झाली तर ती अशी. आमच्या आधीच्या पिढीने ३१ ऑक्टोबर १९५६ च्या रात्री मुंबई राज्यात दिवे मालवले आणि सकाळी म्हैसूर राज्यात उठून चूल पेटवली. शेजारचा चंदगड तालुका तिकडे राहिला, आम्ही इकडे आलो. महाजन आयोग आला, त्याचा अहवाल १९६७ मध्ये आला, २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे एक नोव्हेंबर येतो आणि एकाच रस्त्यावर कोणी उत्सव करतो, कोणी काळी फीत लावतो. अशा ठिकाणी मराठीचा शिक्षक होणे म्हणजे नुसते व्याकरण शिकवणे नव्हे. वहीत कन्नड शब्द दिसला की मला तो बांधावरून आत आलेल्या गुरासारखा वाटे. हाकलला पाहिजे, नाहीतर उद्या सगळे शेत जाईल. ती भीती खोटी होती असे मी आजही म्हणणार नाही. आठवीला मुले मिळावीत म्हणून मी मे महिन्यात दारोदार फिरतो, तेव्हा ती भीती माझ्याबरोबर चालत असते.

पण ज्या मुलांसाठी ही राखण करायची, त्यांतल्या एकाच्या तोंडचा शब्द मी काढून घेतला आणि त्याला गाईडमधला मोर दिला, हेही तितकेच खरे. त्याची भाषा काही कमअस्सल नव्हती. घरी आजीशी एक, बाजारात दुसरी, शाळेत तिसरी, असे तो बोलत होता, आणि रानातल्या मडिवाळाविषयी लिहायला मराठीच निवडली होती. मी तेवढेही पाहिले नाही.

पुढे पंडितांनी या दोन पक्ष्यांचीही पुनर्रचना केली. आम्ही शिकलो तेव्हा दयाळ आणि शामा कस्तुराच्या कुळात होते. अलीकडच्या संशोधनाने त्यांना तिथून उचलून माशीमारांच्या कुळात घातले. आमच्या खांबावरच्या गवयाला याची नोटीस पोचलेली दिसत नाही.

२०२३ च्या जूनमध्ये शाळेच्या कार्यालयात चाळिशीचा एक गृहस्थ मुलीला घेऊन आला. आठवीत प्रवेश हवा होता. मी अर्ज वाचला आणि नावावर थांबलो. दहावीनंतर तो गोव्यात गाडीवर होता, आता गावी येऊन स्वतःची गाडी चालवतो. बस म्हटले तरी खुर्चीच्या कडेवर बसला. मी म्हटले, ‘माझी आठवण आहे का रे?’

‘असं कसं सर,’ तो म्हणाला. ‘तुम्ही मला मोराला आठ दिलेले. घरात सांगतो मी अजून.’

मला काय बोलावे कळेना. मग मी त्याला पहिल्या निबंधाचे सांगितले. चार गुण, खोडलेल्या ओळी, वर्गाचे हसणे, सगळे. तो ऐकत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला समजेना की त्याला हे आठवत नाही की आठवायचे नाही. मुलगी एकदा बापाकडे, एकदा माझ्याकडे पाहत होती. शेवटी मी म्हटले, ‘तुझे बरोबर होते. माझे चुकले होते.’

तो अवघडला. आपल्याकडे शिक्षकाने असे बोलायची पद्धत नाही. थोडा वेळ खिडकीतून बाहेर पाहून म्हणाला, ‘आहे की सर तो अजून. घराच्या मागं. पहाटेला झोपू देत नाही.’ मग प्रवेशाचा कागद घेऊन उठला. जाता जाता मुलीला म्हणाला, ‘सरांच्या पाया पड.’ त्या दिवशी तो नमस्कार घेणे मला जड गेले.

लाल पेन मी टाकलेले नाही. ऱ्हस्व-दीर्घाला ते आजही चालते. पण अनोळखी शब्द आला की गोल करण्याऐवजी समासात लिहितो, ‘हा शब्द कुठे ऐकलास?’ उत्तरे येतात. आजीकडून, बाजारात, गुरांमागे. त्यांची मी एक वही केली आहे. मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ माझ्या टेबलावर असतो. मुलांनी आणलेले नाव आणि कोशातले नाव शेजारी शेजारी लिहून ठेवतो. वही अजून अर्धीही भरलेली नाही.

त्या मुलाची वही मात्र कधीच रद्दीत गेली असणार. चुकलेले गुण दुरुस्त करायचे तर कागद कुठून आणू? म्हणून ते इथे करतो. इयत्ता आठवी, विषय मराठी, निबंध ‘माझा आवडता पक्षी’. निरीक्षण उत्तम, भाषा स्वतःची. दहापैकी नऊ. एक गुण ‘शेपूट’चा कापला आहे, त्याने पु पहिला काढला होता.